बेसबॉल सिम्युलेटर १.०००: सीझन सेव्ह होत नसेल तर

निन्टेंडोच्या एनईएस कन्सोलवर या गेमचा सामना नीट चालतो, पण कन्सोल बंद करून पुन्हा लावला की सीझन आणि स्वतः घडवलेला संघ, दोन्ही गायब. कार्ट्रिजच्या (गेमच्या कॅसेटच्या) पिना स्पिरिटने पुसल्या, रिसेट दाबून धरून पॉवर बंद केली, फरक शून्य. तिसऱ्यांदा खेळाडू भरताना जीव मेटाकुटीला आला.

दोष कार्ट्रिजमधल्या, सेव्ह जपून ठेवणाऱ्या सेलचा. मल्टिमीटरवर ३ ऐवजी १.२ व्होल्ट.

३.८ मिमीच्या गेमबिटने (अशा स्क्रूंसाठीच्या खास पान्याने) मागचे तीन स्क्रू काढा. बोर्डावरची + खूण बघून ठेवा. मागून सोल्डरचे डाग वितळवून जुना सेल धातूच्या पट्ट्यांसकट उचला. नवा सीआर२०३२ बटण-सेल पट्ट्या जोडलेलाच घ्या आणि + खूण जुळवून पट्ट्यांना डाग द्या. साध्या सेलवर थेट डाग दिला तर तो तापून फुटू शकतो, आणि टेपने चिकटवलेला हमखास हलतो. डाग गार झाल्यावर व्होल्टेज मोजा, मगच झाकण लावा. जुना सेव्ह मात्र परत येत नाही.