भोवरा फिरवायला शिकायचाय? आधी जाळी गुंडाळायला शिका

पोरांना भोवरा शिकवायचाय पण स्वतःलाच आता जमत नाही, किंवा खरं सांगायचं तर कधी जमलाच नव्हता, अशा मोठ्या माणसांसाठी हे लिहितोय. पोरं काय, बघून बघून शिकतात, मोठ्यांनाच सगळं फोड करून सांगावं लागतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, फेकण्यातलं कौशल्य फार तर चार आणे, बाकी बारा आणे काम जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळतानाच झालेलं असतं. ज्याचा भोवरा पडल्या पडल्या लोळतो त्याचा हात वाईट नसतो हो, त्याची जाळी ढिली असते.

आता विकत काय घ्यायचा. लाकडीच घ्या. बटण दाबलं की सुटणारे, आत लाइट लागणारे प्लास्टिकचे पण मिळतात, अगदी लहान पोरांना ठीक आहेत, पण त्यात शिकण्यासारखं काही नसल्यामुळे पाच मिनिटांत कंटाळा येतो आणि मग ते सोफ्याखाली जातात. लाकडी भोवरा जत्रेत मिळतो, पुण्यात तुळशीबागेच्या बाजूला शोधलात तर मिळतो, आणि कोकणात उतरलात तर सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांचीच दुकानं आहेत. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टणला थांबलात तर तिथं रंगकाम चालू असलेलं जरूर बघा. लाकूड लेथवर गरागरा फिरत असतं आणि कारागीर लाखेची रंगीत कांडी त्यावर नुसती दाबून धरतो, घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढत जाते, वरून केवड्याच्या जातीचं पान दाबलं की चकाकी येते. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही, वाळायची वाट बघणं नाही. फक्त लक्षात ठेवा की तिथले बरेचसे भोवरे बोटांनी गिरकी देऊन फिरवायचे असतात, दिसायला एकदम भारी पण जाळी लावून दणकन फेकायचे नाहीत.

दुकानात भोवरा हातात घेतला की पहिल्यांदा आर बघायची, म्हणजे खालचा खिळा. ती बरोबर मधोमध आणि सरळ बसलेली पाहिजे. दुकानदाराच्या काउंटरवरच दोन बोटांनी एक गिरकी देऊन बघा, लगेच थरथरत असेल तर ठेवून द्या, घरी नेऊन तो काय सुधारणार नाही. मग वजन. हातात जड वाटला पाहिजे आणि पोट चांगलं रुंद पाहिजे, कारण वजन जितकं मधल्या अक्षापासून लांब तितका भोवरा जास्त वेळ फिरतो. बारीक, उंच भोवरा दिसायला छान पण टिकत नाही. खालच्या निमुळत्या भागाला खाचा असतील तर नवशिक्याला बरं, दोरी घसरत नाही.

नवीन भोवऱ्याची आर बहुतेक वेळा फार टोकदार असते. शिकताना ती जरा दगडावर घासून गोलसर करून घ्या, आणि हे मी फक्त पायाला लागेल म्हणून सांगत नाहीये. गोलसर टोक जमिनीवर थोडं घसरत राहतं आणि त्या घर्षणामुळेच तिरका पडलेला भोवरा हळूहळू सरळ उभा होतो. अगदी सुईसारखी आर असली तर घर्षण कमी म्हणून नीट फेकलेला भोवरा जास्त वेळ फिरेल, पण तिरका पडला तर तिरकाच फिरत राहणार. म्हणजे तुमचा हात बसेपर्यंत बोथट आर ही तुमच्या चुका सांभाळून घेते. पुढे हात बसला की पाहिजे तशी करा.

आता जाळी. दोरी सुती घ्या, नायलॉनची नको, नायलॉन गुळगुळीत असतं त्यामुळे वेढे सुटतात. लांबी साधारण मीटर-सव्वा मीटर, पण भोवऱ्यावर गुंडाळून बघूनच ठरवा, टोकापासून गुंडाळत आलात की पोटाच्या रुंद भागापर्यंत पोचून वर हातात धरायला वीतभर उरली पाहिजे. एका टोकाला बोटात अडकवायला फास करा, नाहीतर सोड्याच्या बाटलीचा बिल्ला भोक पाडून बांधा आणि तो दोन बोटांच्या मध्ये अडकवा, हा जुना जुगाड फासापेक्षा बरा कारण बोट आवळत नाही. बिल्ल्याच्या कडा मात्र आधी ठोकून सपाट करा.

गुंडाळायला सुरुवात आरीपासून. दुसरं टोक किंचित ओलं करा, (पोरं सरळ थुंकी लावतात, तुम्ही पाणी लावा), ते भोवऱ्याच्या अंगावर अंगठ्याने दाबून धरा आणि पहिला वेढा आरीच्या अगदी बुडाशी, लाकूड आणि खिळा मिळतो तिथं, घट्ट ओढून घ्या. मग एकाला एक चिकटून वेढे वर न्यायचे, एकावर एक चढू द्यायचे नाहीत, मध्ये फट ठेवायची नाही. पहिले तीन-चार वेढे सगळ्यात टाइट. लोक उलटं करतात, खाली कसंतरी गुंडाळतात आणि वर आल्यावर जोर लावतात. का चुकतं ते बघा. सोडताना जाळी आधी रुंद पोटावरून सुटते, तिथं भोवऱ्याला जोर मिळतो, आणि शेवटी बारीक टोकावरून सुटते, तिथं त्याच ओढीत फेरे जास्त होतात म्हणजे खरा स्पीड मिळतो, सायकलचा गिअर बदलल्यासारखंच आहे हे. टोकाकडचे वेढेच घसरले तर स्पीड मिळायच्या ऐन वेळी दोरी नुसती निसटून येते. डावखुरं पोर असेल तर उलट्या दिशेने गुंडाळू द्या, त्याला उजव्या हाताची सक्ती करू नका.

फेकायचं कसं. सुरुवातीला आर खाली ठेवून फेका. अंगठा वर, बोटं पोटाभोवती, आर जमिनीकडे, हात कमरेच्या उंचीवर. भोवरा आडवा पुढे फेकायचा, खाली आपटायचा नाही, आणि तो हातातून सुटून जमिनीला लागायच्या आत मनगटाने जाळी मागे ओढायची. फेकणं आणि ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा हाताला कळलं की झालं. भोवरा हवेत कोलांट्या घेत असेल तर तुम्ही फेकताना मनगट वळवताय, आणि उलटा, डोक्यावर पडत असेल तर जाळी उशिरा ओढताय. पोरं करतात तो डोक्यावरून, आर वर धरून दणकन मारायचा प्रकार नंतर शिका, त्यात जोर जास्त मिळतो पण नेम नसताना समोरच्याचा पाय धोक्यात असतो. चप्पल-बूट घालूनच खेळा, आणि घरात अजिबात नको, एका फटक्यात टाइलचा टवका उडतो आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात ते वेगळंच. पार्किंगचा कोबा किंवा घट्ट बसलेली माती बेस्ट, वाळूत नाही होणार, गवतात तर नाहीच नाही.

नीट पडला की तो आधी जरा घिरट्या घालेल, मग एका जागी येऊन इतका स्थिर उभा राहील की फिरतोय का नाही ते कळत नाही, नुसती बारीक घूं ऐकू येते. स्पीड कमी झाला की डोकं डोलायला लागतं, आणि जसजसा भोवरा दमत जातो तसतसं ते डोलणं मोठं आणि फास्ट होत जातं. पृथ्वीचा अक्ष पण असाच डोलतो बरं का, फक्त एक घिरटी पूर्ण व्हायला तिला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे आज ध्रुवतारा म्हणतो तो कायम ध्रुवतारा राहणार नाही, अजून साधारण १२,००० वर्षांनी ते काम अभिजित नक्षत्राच्या ताऱ्याकडे जाईल. आणि लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये वेदांचा काळ मांडला तो पण याच डोलण्यावरून, वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होते तेव्हा सूर्य आकाशात जिथं असतो ती जागा, तेव्हा मृगशीर्षात होता असं धरून मागे मोजत गेले. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना पटला नाही ही गोष्ट वेगळी, पण आठवी-नववीतल्या पोराला हे भोवरा समोर फिरत असताना सांगा, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर कळतं.

हातावर घेणं हा पुढचा धडा, आणि पोरांना खरी मजा यातच येते. भोवरा स्थिर झाला की तळहात वर करून पहिलं आणि मधलं बोट कात्रीसारखं उघडायचं, जमिनीला घासत मागून आत सरकवायचं, आर दोन बोटांच्या फटीत आली की हलका झटका देऊन त्याला तळहातावर घ्यायचं. घाबरून हात पटकन वर नेलात की तो उडून पडणार, हात जमिनीला चिकटलेला पाहिजे. तळहाताला आरीच्या गुदगुल्या होतात त्या पहिल्यांदा अनुभवणाऱ्या पोराचा चेहरा बघा फक्त. हे जमलं की हातजाळी, म्हणजे जमिनीला लागूच द्यायचा नाही, फेकून जाळीच्या ओढीने परत आणून थेट हातावर झेलायचा. याला महिना-दोन महिने जातात, गल्लीत एखाद्यालाच सफाईने येतं.

पोरगं म्हणालं की हे जुनं आहे, मला बेब्लेड पाहिजे, तर त्याला सांगा की बेब्लेड हा भोवराच आहे. जपानच्या टाकारा कंपनीने १९९९ मध्ये तो आणला, तिथल्या बेइगोमा नावाच्या जुन्या भोवऱ्यावरून. तो आधी शंखाचा करायचे, शंखात वाळू वगैरे भरून मेणाने बंद करायचे, पुढे ओतीव लोखंडाचे आले. पिंपावर कापड ताणून त्यावर दोघांनी भोवरे सोडायचे, ज्याचा बाहेर पडला तो हरला. बेब्लेडचं ते प्लास्टिकचं मैदान म्हणजे तेच पिंप.

तसा हा खेळ कुणा एकाच्या मालकीचा नाहीच. हडप्पाच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे भोवरे सापडलेत, ग्रीक भांड्यांवर भोवरा खेळणारे आहेत, ब्रॉयगेल या चित्रकाराच्या १५६० च्या मुलांच्या खेळांच्या चित्रात पोरं चाबकाने मारून मारून भोवरे फिरवताना दिसतात. मलेशियात केलांतानकडे तर मोठी माणसं खेळतात, थाळीसारखा पाच-पाच किलोचा भोवरा, जाडजूड दोरी, एकाने फेकायचा आणि दुसऱ्याने लगेच लाकडी फळीने उचलून छोट्या खांबावर ठेवायचा, चांगला लागला तर दोन तास फिरतो म्हणतात. इतक्या ठिकाणी टिकला कारण सामान काही लागत नाही आणि दुसरं म्हणजे वशिला चालत नाही, महागातला आणला म्हणून कुणाचा जास्त फिरत नाही.

चार-पाच जण जमले की रिंगणाचा खेळ लावा. जमिनीवर हातभर रुंदीचं वर्तुळ काढायचं, सगळ्यांनी एकदम भोवरे फेकायचे, आणि फिरत असतानाच जाळीने उचलून हातात झेलायचे. ज्याला सगळ्यात उशीर झाला किंवा ज्याचा फिरलाच नाही त्याचा भोवरा रिंगणात बसतो, बाकीच्यांनी आपला भोवरा नेमका त्याच्यावर मारून त्याला बाहेर काढायचं. नेम चुकला आणि स्वतःचा पण फिरला नाही तर तोही आत. बसलेल्या भोवऱ्याला आरीचे खड्डे पडतात, कधी तो फुटतो सुद्धा, म्हणून हुशार पोरं बसवायला एक जुना भोवरा खिशात ठेवतात. हे चालेल का नाही ते सुरू करायच्या आधीच ठरवा, नंतर फार भांडणं होतात. नियम गावोगाव वेगळे आहेत, तुमच्याकडचे आठवत असतील तर तेच खेळा.

शेवटचं, देखभाल. आर हलायला लागली तर पक्कडीने काढा, भोकात फेव्हिकॉल आणि आगकाडीचा बारीक तुकडा घाला, परत ठोका आणि रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवा, पण खाचांना तेल लागू देऊ नका नाहीतर दोरी घसरणार. आणि खेळून झालं की जाळी भोवऱ्यावर गुंडाळून ठेवू नका, तिला पीळ पडतो, मोकळी करून खुंटीला लटकवा.