ट्रान्सलेशन कीज साफ करताय? आधी या चुका टाळा

ट्रान्सलेशन की म्हणजे कोडमध्ये मजकुराच्या जागी लिहिलेलं नाव, खरा मजकूर प्रत्येक भाषेच्या फाइलमध्ये त्या नावापुढे असतो. बटणावर मजकुराऐवजी 'चेकआउट.बटन.सबमिट' असलं काही दिसलं तर नशीब समजा, निदान दिसलं तरी. बहुतेक प्रोजेक्टमध्ये फॉलबॅकला (मजकूर सापडला नाही तर वापरायची भाषा) इंग्लिश लावलेलं असतं, त्यामुळे मराठी फाइलमध्ये की नसली तरी इंग्लिश वाक्य गुपचूप येऊन बसतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून डेव्हलपमेंटमध्ये फॉलबॅक बंद ठेवा. आय१८नेक्स्ट (भाषांतरासाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी) असेल तर 'सेव्ह मिसिंग' ऑन करा आणि मिसिंग कीच्या हँडलरमध्ये कन्सोलला एरर टाका.

रिकामी स्ट्रिंग हा अजून एक चोर. कोडमधून कीज एक्स्ट्रॅक्ट करणारं टूल नवीन कीपुढे नुसते कोट टाकून ठेवतं, की 'आहे' म्हणून मिसिंगच्या यादीत येत नाही, आणि आय१८नेक्स्ट डिफॉल्टला रिकामी स्ट्रिंगसुद्धा चालवून घेतं, मग बटण कोरं. तसंच इंग्लिश मजकूर जसाच्या तसा मराठी फाइलमध्ये पेस्ट केलेला असेल तर तोही कुठल्याच यादीत येणार नाही, दोन्ही फाइलमधल्या व्हॅल्यू सारख्या आहेत का ते वेगळं तपासावं लागतं.

आता अनयूज्ड कीज (फाइलमध्ये आहेत पण टूलला कोडमध्ये सापडत नाहीत अशा), खरी वाट इथे लागते. मी एकदा टूलची यादी बघून सरळ डिलीट मारलं, बिल्ड पास, टेस्ट पास, मी खूश, आणि दोन दिवसांनी पेमेंट फेल झालेल्या लोकांना मेसेजच्या जागी नुसती की दिसायला लागली. कारण साधं होतं: कोडमध्ये 'एरर.' पुढे सर्व्हरकडून आलेला कोड जोडून की तयार होत होती, आणि टूल फाइलमध्ये शब्द शोधतं, कोड चालवून बघत नाही. त्यामुळे अशा जोडून बनणाऱ्या कीज शक्यतो एका मॅपमध्ये पूर्ण लिहून ठेवा, ते जमत नसेल तर तो प्रीफिक्स टूलच्या इग्नोर लिस्टमध्ये टाका.

प्लुरलचंही (एकवचन-अनेकवचनाच्या रूपांचंही) तेच. कोडमध्ये एकच की असते, फाइलमध्ये मात्र तिच्यामागे प्रत्यय लागतात: इंग्लिश-मराठीला २, पोलिशला ४, अरबीला तर ६. इंग्लिश फाइलशी ताडून बघणारं साधं स्क्रिप्ट अरबीतल्या उरलेल्या ४ कीज 'जास्तीच्या' म्हणून दाखवतं आणि आपण भोळेपणाने उडवतो.

डिलीट करायचंच तर एका वेळी एकच नेमस्पेस (कीजचा एक गट) घ्या, वेगळा कमिट करा आणि ईमेलच्या टेम्प्लेट्समध्ये पण शोधा (हे सगळे विसरतात). भाषांतरं सर्व्हरवरून लोड होत असतील तर जरा थांबा, कुणाच्या तरी ब्राउझरमध्ये जुना कोड अजून उघडा असतो आणि तो जुनीच की मागतो.

सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) मिसिंग कीवर बिल्ड पाडा, अनयूज्डवर फक्त वॉर्निंग द्या.