पन्नास पौंडांत ऑनलाइन पोकर: छोटा बँकरोल टिकवायचा कसा

हे लिहितोय ते मुख्यतः यूकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी, म्हणजे ज्यांची रात्रीची जेवणं आटपली, मुलं झोपली की लॅपटॉप उघडून पन्नास पेन्स, एक पौंडाच्या टुर्नामेंट खेळायची सवय आहे त्यांच्यासाठी. भारतातून वाचत असाल तर आधीच सांगतो, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केलाय आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्स चालवण्यावर बंदी आलीय, पोकर-रमी सगळं त्यात आलं, तिथल्या मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांचे खेळ बंदही केले. तेव्हा तिकडे प्ले मनीवरच, म्हणजे खोट्या चिप्सवरच, हौस भागवा, हिशेब समजून घ्यायला अर्थात कोणाची ना नाही. यूकेत वय १८ पूर्ण पाहिजे आणि साइटकडे गॅम्बलिंग कमिशनचं लायसन्स पाहिजे, एवढं बघितलं की पुढे जाऊया.

पहिलं काम, बँकरोल, म्हणजे फक्त खेळायला ठेवलेले पैसे, वेगळा काढा. वेगळा म्हणजे खरंच वेगळा, मॉर्गेज, काउन्सिल टॅक्स, गावी पाठवायचे पैसे यातलं काहीही नाही, सगळाच्या सगळा गेला तरी घरात कोणाला काही सांगायची वेळ येणार नाही एवढीच रक्कम. आपण उदाहरणाला ५० पौंड धरू. क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला इथे १४ एप्रिल २०२० पासून बंदीच आहे, पण लोक डेबिट कार्ड ओव्हरड्राफ्टमध्ये नेतात, आणि ते कर्जच झालं ना, नाव फक्त वेगळं.

आणि हे ५० पौंड सगळे साइटवर टाकायची अजिबात गरज नाही. २० तिथे, ३० बँकेत वेगळ्या पॉटमध्ये, बँकरोल तुमच्या वहीत ५० च. याला कारण आहे. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेत मोठ्या पोकर साइट्सवर सरकारने कारवाई केली तेव्हा कळलं की फुल टिल्ट पोकरने खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवलेच नव्हते, लोकांचे पैसे अडकले ते अडकले, २०१२ मध्ये पोकरस्टार्सने ती कंपनी घेतली तेव्हा कुठे परतफेडीचा मार्ग निघाला. आता यूकेत लायसन्स असलेल्या साइटला ग्राहकांचे पैसे किती सुरक्षित आहेत ते सांगावं लागतं, कंपनी बुडाली तर संरक्षण नाही, मध्यम आहे की उच्च आहे असं. टर्म्समध्ये शोधा, दोन मिनिटांचं काम आहे, कोणी करत नाही.

आता मुद्द्यावर येतो. पौंडात विचार करणं बंद करा, बाय-इनमध्ये मोजा, बाय-इन म्हणजे एका टुर्नामेंटला बसायची फी. तुमच्याकडे ५० पौंड आहेत याला काही अर्थ नाही, तुमच्याकडे पन्नास पेन्सचे १०० बाय-इन आहेत किंवा पाच पौंडांचे १० बाय-इन आहेत, आणि ही दोन माणसं अगदी वेगळ्या परिस्थितीत आहेत जरी खात्यात आकडा एकच दिसत असला तरी.

का ते बघा. ५०० लोकांची टुर्नामेंट आहे, वरच्या साधारण १५ टक्के लोकांना पैसे मिळतात, त्यातल्या बहुतेकांना बाय-इनच्या दीडपट-दुप्पट, आणि खरा पैसा वरच्या चार-पाच जणांत जातो, पहिल्याला ८०-८५ बाय-इन वगैरे. म्हणजे १०० वेळा खेळलात तर ८५ वेळा हात हलवत परत. सलग २० टुर्नामेंटमध्ये काहीच न मिळण्याची शक्यता जवळपास ४ टक्के, आणि सलग १० मध्ये काही न मिळणं तर पाचातून एकदा होणारच, त्यात तुमचं काही चुकलंय असं मुळीच नाही.

आणि चांगला खेळणारा असला तरी? समजा तुम्ही खरंच चांगले आहात, दर टुर्नामेंटला सरासरी २० टक्के नफा. मग १०० टुर्नामेंटनंतर हिशेबाने २० बाय-इन वर असायला पाहिजे. पण अशा फील्डमध्ये, म्हणजे एवढ्या खेळाडूंच्या गर्दीत, एका टुर्नामेंटचा चढउतार, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात ते, साडेपाच बाय-इनच्या आसपास येतं, आणि तो टुर्नामेंटच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे १०० टुर्नामेंटला दहापट, ५५. अपेक्षा २० ची आणि झोका ५५ चा! १००० टुर्नामेंट झाल्यावर अपेक्षा २०० आणि झोका १७५, म्हणजे तेव्हा कुठे नफा झोक्याच्या वर डोकं काढतो. रात्रीला तीन-चार खेळणाऱ्या माणसाला १००० व्हायला वर्ष जातं. त्यामुळे "गेले दोन महिने मी प्लसमध्ये आहे, मला खेळ जमला" हे वाक्य आणि "दोन महिने काहीच लागत नाहीये, साइट फिक्स आहे" हे वाक्य, दोन्ही सारखीच पोकळ.

यावरून आकडे काढायचे. माझं मत असं, मोठ्या फील्डच्या (३०० च्या वर) टुर्नामेंटला १०० बाय-इन कमीत कमी, हजार-दोन हजार लोकांची असेल तर १५०-२०० बरे. ४५ ते १८० लोकांच्या असतील तर ५०-६० चालतात. नऊ जणांचं सिट अँड गो, म्हणजे खुर्च्या भरल्या की लगेच सुरू होणारी छोटी टुर्नामेंट, जिथे तिघांना ५०-३०-२० टक्के मिळतात, तिथे ३०-४० पुरे, कारण तिनातून एकदा काहीतरी हाताला लागतं आणि झोका दीड बाय-इनच्या आसपासच असतो. पन्नास पौंडवाल्याने खरं तर सुरुवात इथूनच करावी, मोठ्या फील्डमध्ये नाव यायची हौस असते ते कळतं, पण सिट अँड गोमध्ये शेवटच्या चार जणांचा खेळ रोज खेळायला मिळतो, जो मोठ्या टुर्नामेंटमध्ये महिन्यातून एकदा नशिबी येतो.

इथे एक प्रामाणिक प्रश्न येतो. पगार चालू आहे, ५० गेले तर पुढच्या महिन्यात आणखी ५० टाकता येतात, मग एवढं १०० बाय-इनचं सोवळं कशाला? बरोबर आहे. तसं असेल तर तुमचा बँकरोल ५० नाहीच, तुमचं बजेट महिन्याला ५० आहे, आणि ही वेगळी पद्धत झाली, ती पण चालते. फक्त एक ठरवा. लोक करतात काय, जिंकताना बँकरोलवाले असतात, नियम पाळतात, आणि हरताना एकदम पगारवाले होतात, मग रात्री साडेबाराला परत डिपॉझिट. ज्या रात्री हरलात त्या रात्री डिपॉझिट नाही हा एक नियम जरी पाळला तरी निम्मं मॅनेजमेंट झालं. आणि तो मनावर सोडू नका, साइटवर डिपॉझिट लिमिट लावून टाका, लिमिट कमी केलं तर ते लगेच लागतं, वाढवायचं म्हटलं तर थांबावं लागतं, ते थांबणंच आपल्याला हवंय.

आता री-एन्ट्री, कारण छोटे बँकरोल सगळ्यात जास्त इथेच गळतात. लॉबीत लिहिलेलं असतं १ पौंड, तुम्ही म्हणता माझे १०० आहेत, बसू. विसाव्या मिनिटाला बाहेर, स्क्रीनवर बटण येतं परत या, एका क्लिकवर परत, मग पुन्हा एकदा, आता ही १ पौंडाची टुर्नामेंट राहिली नाही, ३ पौंडांची झाली, आणि तुमचे १०० बाय-इन ३३ वर आले. शिवाय दुसऱ्यांदा येताना ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटायच्या आधी सक्तीने लावायच्या चिप्स (त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड), वाढलेले असतात, पहिल्यांदा १०० बिग ब्लाइंड घेऊन बसला होतात, आता २५ घेऊन बसताय, तेवढ्याच पैशात. वाईट सौदा असतोच असं नाही, २५ ब्लाइंडचा खेळ येत असेल तर ठीकच, पण बाय-इन धरताना "सरासरी किती वेळा परत येतो" याने गुणून धरा. मी तर छोट्या बँकरोलवाल्याला सरळ सांगतो, पहिले काही महिने फ्रीझआउटच खेळा, एकदा गेलो की गेलो, चहा घ्या आणि झोपा.

बाकी प्रकारांबद्दल थोडक्यात. बाउंटीवाल्या, म्हणजे पीकेओ, त्यात बाय-इनचा अर्धा भाग डोक्यांवर लावलेला असतो, माणूस उडवला की त्यातलं निम्मं लगेच मिळतं, त्यामुळे रिकाम्या हाताने परत यायचं प्रमाण कमी होतं आणि छोट्या बँकरोलला ते बरं. टुर्बो-हायपरमध्ये ब्लाइंड पटापट चढतात, तुमचं कौशल्य वापरायला वेळच कमी, बाय-इन जास्त लागतात. तिघांच्या, गुणक फिरवून बक्षीस ठरणाऱ्या टुर्नामेंट्स हा लॉटरीचा चुलतभाऊ, लांबच बरा. आणि रेक बघा! १.१० डॉलरच्या टुर्नामेंटमध्ये १ डॉलर बक्षिसात जातो, १० सेंट साइट घेते, म्हणजे तुम्ही भरलेल्या पैशाचे ९ टक्के खेळायच्या आधीच गेले. पत्ते कुटायला बसल्यावर कोणी हे बघत नाही पण छोट्या लेव्हलवर तुमच्या २० टक्क्यांतला मोठा लचका हाच असतो, तेव्हा एकाच किमतीच्या दोन टुर्नामेंट असतील तर कमी रेकवाली घ्या.

वर कधी जायचं आणि खाली कधी यायचं हे आधी कागदावर लिहा, टेबलावर बसून ठरवू नका. ५० पौंडांचं उदाहरण: सरासरी बाय-इन ५० पेन्स. बँकरोल १०० झाला की १ पौंडाच्या. १०० व्हायच्या आधी, म्हणजे ७५-८० ला, एखादी १ पौंडाची आठवड्यातून एकदा शॉट म्हणून मारायला हरकत नाही, शॉटचे पैसे आधी बाजूला काढायचे, पाच पौंड म्हणा, ते गेले की गपचूप परत ५० पेन्सवर. आणि १ पौंडावर गेल्यावर बँकरोल ७० वर आला तर? परत खाली. ३० वर आला तर २५ पेन्सच्या. वर जायला सगळे तयार असतात, खाली यायला माणसाला जड जातं, पगार कमी झाल्यासारखं वाटतं, पण खरा बँकरोल मॅनेजर कोण ते इथेच कळतं. खाली उतरणाऱ्याचा बँकरोल शून्य व्हायला फार म्हणजे फार वेळ लागतो.

क्रिस फर्ग्युसन या नावाजलेल्या पोकर खेळाडूने २००६ पासून हेच करून दाखवलं होतं. शून्यापासून सुरुवात, फुकटच्या फ्रीरोलमधून पहिले सेंट मिळवले आणि दीडेक वर्षात दहा हजार डॉलर. त्याचे नियम असे, कॅश गेम आणि सिट अँड गोमध्ये एकावेळी बँकरोलच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, मोठ्या टुर्नामेंटला २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, फक्त अगदी तळाला सूट, कॅश गेम-सिट अँड गोला अडीच डॉलरपर्यंत आणि टुर्नामेंटला एक डॉलरपर्यंत. गंमत म्हणजे वर ज्या फुल टिल्टचं सांगितलं त्याच कंपनीतला हा मोठा माणूस, एक एक सेंट जपायचे नियम जगाला सांगणारा आणि कंपनीत लोकांच्या पैशाचं ते तसं. असो, नियम चांगलेच आहेत, फक्त २ टक्के म्हणजे ५० बाय-इन, आजच्या हजार-हजारच्या फील्डला मला ते कमी वाटतात.

दुसरं नाव हमखास निघतं ते क्रिस मनीमेकरचं. २००३ मध्ये ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे बक्षीस म्हणून मोठ्या टुर्नामेंटचं तिकीट देणाऱ्या छोट्या टुर्नामेंटमधून, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला गेला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन आला. खरं आहे सगळं, पण बाकीच्या ८३८ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही. सॅटेलाइट खेळा, मजा येते, पण त्याचा बाय-इनही १०० बाय-इनच्या नियमात, म्हणजे बँकरोलच्या १ टक्क्यात, बसला पाहिजे, आणि जिंकलेलं तिकीट बँकरोलमध्ये धरू नका. बहुतेक तिकिटांचे रोख पैसे होत नाहीत, काहींना मुदत असते. काढता येईल तेवढाच बँकरोल.

संध्याकाळचं गणित. एका रात्री टेबलांवर एकूण बँकरोलच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त लावू नका, ५० ला अडीच पौंड, म्हणजे ५० पेन्सच्या पाच टुर्नामेंट, बास. वेळ पण बँकरोलच आहे राव, हजार लोकांची टुर्नामेंट सहज पाच तास चालते, नऊला सुरू झाली तर फायनल टेबल रात्री दोनला, आणि सकाळी साडेसातची ट्रेन असेल तर तुम्ही एक वाजता झोपेपायी सगळे चिप्स पुढे ढकलणार, मग आधीचे चार तास वाया. वीकडेला दीड-दोन तासात संपणारी सिट अँड गो, मोठी टुर्नामेंट शनिवारी. दारू प्यायलात तर प्ले मनी. एखादा वाईट बीट लागला, म्हणजे चांगले पत्ते असून नशिबाने हरलात, एसेस (दोन एक्के) फुटले आणि कानशिलं तापली, तर चालू आहेत त्या संपवा, नवीन एकही उघडू नका.

हिशेब ठेवायला साधी एक्सेल शीट पुरते. तारीख, प्रकार, री-एन्ट्री धरून एकूण खर्च, किती लोक होते, कितवा आलात, किती मिळाले, आणि किती वेळ गेला. शेवटचा कॉलम बहुतेक लोक टाकत नाहीत, कारण तो बघवत नाही. १ पौंडाच्या टुर्नामेंटमध्ये २० टक्के नफा म्हणजे २० पेन्स, रात्रीला तीन खेळलात तर ६० पेन्स, तीन तासांचे. घरातल्यांना "साइड इन्कम" वगैरे सांगू नका, हा छंद आहे, बऱ्यापैकी स्वस्त छंद, आणि नीट खेळलात तर स्वतःचा खर्च काढणारा. यूकेत जिंकलेल्या पैशावर टॅक्स नाही हे खरं, पण ६० पेन्सवर टॅक्स नाही याचा आनंद किती करणार.

पैसे काढायचा पण नियम ठेवा. मोठा स्कोअर लागला, समजा ५० पेन्सच्या टुर्नामेंटमध्ये पहिले आलात आणि ४० पौंड आले, तर निम्मे बँकेत, निम्मे बँकरोलमध्ये, आणि त्या आठवड्यात लेव्हल वाढवायची नाही, कारण खिसा गरम असताना पाच पौंडांची टुर्नामेंट फार स्वस्त दिसते. उलट बाजूला, ठरवलेलं लिमिट तुम्ही परत परत वाढवताय, हरलेलं बायकोपासून-नवऱ्यापासून लपवताय असं दिसलं तर हा बँकरोलचा प्रश्न राहिलाच नाही, कुठल्याही एक्सेलने सुटणार नाही. गॅमस्टॉपवर नाव टाकलं की ब्रिटनमधल्या सगळ्या लायसन्सवाल्या साइट्स एकदम बंद होतात, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, मधे उघडता येत नाही. बऱ्याच बँकांच्या अ‍ॅपमध्येही गॅम्बलिंग ब्लॉक असतो, तो लावा. गॅमकेअर या जुगाराच्या त्रासात मदत करणाऱ्या संस्थेशी बोलायला पैसे लागत नाहीत.

आणि सुट्टीत पुण्या-मुंबईला जाणार असाल तर जायच्या आधी चालू तिकिटं वापरून टाका, साइटवर फार शिल्लक ठेवू नका आणि तिकडून व्हीपीएन लावून लॉगिन करायच्या भानगडीत पडू नका. साइट्सच्या टर्म्समध्ये ते चालत नाही, खातं गोठवलं की चौकशी संपेपर्यंत तुमचा जपून वाढवलेला बँकरोल आत आणि तुम्ही बाहेर.