‘अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणारी फाइल उघडू नका

कोल्हापुरात मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. ‘ताई, अँटिव्हायरस तर आहे की, मग हा व्हायरस शिरला कुठनं?’ हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा डाउनलोड्सच्या फोल्डरमध्येच सापडतं. फोटो एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर, लग्नाचे व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्टचं पॅकेज, एखादी गेम किंवा विंडोज फुकटात अॅक्टिव्हेट करून देणारं काहीतरी. यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून उतरवलेली एक झिप फाइल असते, तिला पासवर्ड असतो, आणि सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं: आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगीचच ओरडतो.

अशा फाइलीतून येणाऱ्या घातक प्रोग्रामला ट्रोजन म्हणतात, आणि तो आपणहून शिरत नाही. तो कामाच्या वस्तूचं रूप घेतो आणि डबल-क्लिक आपल्याकडून करवून घेतो. झिपला पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही. कधी तीच फाइल रिकाम्या डेटाने फुगवून शेकडो एमबीची केलेली असते, म्हणजे ती ऑनलाइन तपासायला चढवताच येऊ नये. क्रॅक (महागडं सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणारी फाइल) खरंच चालतो, फोटो एडिट होतात, सगळे खूश असतात. मागे दुसरं काम सुरू असतं: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे नंबर आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज गोळा करून बाहेर पाठवायचं. या जातीतला लुमा नावाचा ट्रोजन मायक्रोसॉफ्टला २०२५ मध्ये १६ मार्च ते १६ मे या दोनच महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून जास्त कॉम्प्युटरांवर सापडला होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की क्रॅक नको. अँटिव्हायरसने क्रॅकवर घेतलेला आक्षेप खरा की खोटा, हे घरबसल्या कुणालाच ठरवता येत नाही. मुलांना शिकायलाच हवं असेल तर फोटोसाठी जिम्प, डिझाइनसाठी इंकस्केप, पत्रं-हिशेबासाठी लिबरऑफिस आणि व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे. मराठीसाठी मुक्तासारखे देखणे युनिकोड फॉन्ट कायदेशीर मार्गाने फुकट मिळतात. सॉफ्टवेअर घेताना सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, कारण हुबेहूब नकली साइट तिथे पैसे देऊन बसवता येते. पत्ता स्वतः टाइप करा.

आता कॉम्प्युटरसमोर बसा आणि एक गोष्ट आजच बघा. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा, तिथल्या ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये जाऊन अगदी खाली ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी पाहा. विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसने जिथे बघायचंच नाही अशा जागांची ही यादी. घरच्या कॉम्प्युटरवर ती रिकामीच असायला हवी. कित्येक ट्रोजन शिरल्यावर पहिलं काम हेच करतात: आपला फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्हच, या यादीत टाकतात. मग तुम्ही रोज स्कॅन करा, रोज हिरवी खूण दिसेल. यादीत तुम्ही स्वतः न टाकलेलं काही असेल तर ते काढा आणि पुढचं सगळं संशयाने बघा. त्याच पानावर ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ (डिफेंडरच्या सेटिंग्ज परस्पर बदलू न देणारं) चालू आहे ना, तेही तपासा.

दुसरं काम खात्याचं. बहुतेक घरांत एकच खातं असतं आणि ते अॅडमिनिस्ट्रेटर असतं, म्हणजे त्या खात्यातून कुणी ‘येस’ दाबलं की कुठल्याही प्रोग्रामला सगळं रान मोकळं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर यूजर्समध्ये जाऊन एक नवीन खातं काढा, त्याला पक्का पासवर्ड द्या आणि त्याला अॅडमिनिस्ट्रेटर करा. मग त्या खात्यातून लॉगिन करून तुमचं रोजचं जुनं खातं स्टँडर्ड यूजर करून टाका. फाइली जागच्या जागी राहतात. यापुढे काही इन्स्टॉल करायचं तर पासवर्ड विचारला जाईल, आणि तो घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या. यामुळे ट्रोजनला डिफेंडरच्या यादीत हात घालणं अवघड होतं. पण ब्राउझरमधले पासवर्ड चोरायला त्याला अॅडमिनिस्ट्रेटर व्हावं लागत नाही, म्हणून बँकेचा पासवर्ड ब्राउझरला कधीही लक्षात ठेवायला सांगू नका.

फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवतं, त्यामुळे ‘लाइटबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल तुम्हाला नुसती ‘लाइटबिल डॉट पीडीएफ’ दिसते, चिन्हही पीडीएफचंच. शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस किंवा बॅट दिसलं तर ते बिल नव्हे. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हवर फोल्डरच्या जागी फोल्डरचे शॉर्टकट दिसले तर एकावरही क्लिक करू नका.

अलीकडे एक नवीनच फसवणूक आली आहे, ती घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं एक पान येतं आणि म्हणतं: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता आणि ट्रोजन उतरतो. खरा कॅप्चा कीबोर्डवर असलं काही कधीच करायला लावत नाही.

अपडेट चालू ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर असाल तर मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेटची नोंदणी करा, नाहीतर विंडोज ११ वर जा.

संशय आला तर? डिफेंडर आपोआप बंद पडतो, काही न करता पंखा घोंघावतो, तुमच्या मेलमधून तुम्ही न पाठवलेलं काहीतरी जातं. पुष्कळदा मात्र काहीच दिसत नाही. डिफेंडरच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ऑफलाइन स्कॅन आहे, तो निवडा. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण चालू होण्याआधी तपासणी होते, त्यामुळे लपायला जागा कमी राहते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर मायक्रोसॉफ्टचंच मोफत ‘ऑटोरन्स’ उतरवा, ते कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय त्यात आहे, तो चालू करा आणि उरलेल्यांतली अनोळखी नावं बघा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची मोफत साधनं आहेत. शंकेची फाइल व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या साइटवर चढवता येते, पण आधार, पॅन असली कागदपत्रं तिथे चढवू नका, तिथल्या फाइली इतरांना बघायला मिळतात.

ट्रोजन सापडलाच, तर घाईने स्कॅनकडे धावू नका. आधी वाय-फाय बंद करा, वायर असेल तर उपटा. मग फोनवरून, त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, मेलचा पासवर्ड बदला. मेल पहिला अशासाठी, की बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात. तिथेच ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. हे लोक विसरतात. चोरलेली कुकी चालू राहिली तर चोराला पासवर्डची गरजच पडत नाही. व्हॉट्सअॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून कॉम्प्युटर काढा. मग बँक. पैसे गेले असतील तर क्षणही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवली तरच हाती लागते. सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रार त्यानंतर भरता येते.

आणि विंडोज नव्याने टाका. सफाई करून भागेल का, असं काका-काकू नेहमी विचारतात. पासवर्ड चोरणारा ट्रोजन सापडलेल्या कॉम्प्युटरवर मी तरी बँकेचं काम सफाईच्या भरवशावर करू देत नाही. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज टाकायचा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा आणि डिस्क पुसून विंडोज टाका. फोटो, पत्रं, हिशेब आधी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा आणि परत घेताना स्कॅन करून घ्या. सेटअपच्या जुन्या फाइली मात्र परत घेऊ नका, कितीही कामाच्या वाटल्या तरी, त्या पुन्हा मूळ साइटवरूनच उतरवा.