आपल्या भागाची इतिहासफेरी कशी काढावी : बडोदेकरांसाठी

बडोद्याच्या मराठी घरात पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. लक्ष्मी विलास पॅलेस, न्यायमंदिर, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आणि वेळ उरला तर कमाटीबाग. सयाजीरावांचं नाव निघालं की पुढचं वाक्यही पाठ असतं: "बाबासाहेबांना परदेशी शिकायला पाठवलं ते आमच्या महाराजांनी." हे खरंच आहे, पण आपण तिथेच थांबतो. शिकून परत आल्यावर त्याच माणसाला याच शहरात राहायला खोली मिळाली नाही, हे पाहुण्यांना क्वचितच कोणी सांगतं.

ही दोन्ही वाक्यं एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी कशी सांगायची, ते या लेखात आहे. इतिहासफेरी काढायला संस्था लागत नाही आणि नोंदणीही लागत नाही. चार-पाच माणसं आणि दोन महिन्यांची सवड पुरते.

आधी रस्ता, मग विषय

बहुतेक जण "बडोद्याचा इतिहास" असा विषय धरून बसतात आणि तिथेच अडकतात. आपण राहतो तिथून सुरुवात करा. दीड किलोमीटरपेक्षा लांब रस्ता घेऊ नका. सहा-सात थांबे भरपूर होतात, दोन तासांपुढे कोणी ऐकत नाही.

मराठी वस्तीच्या जुन्या भागात दांडिया बाजारपासून सूरसागर, न्यायमंदिर आणि मांडवी ही ओळ चांगली जमते. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर हा उत्तम पहिला थांबा. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव. कित्येक मराठी घरांतल्या आजोबांनी लाठी आणि मल्लखांब तिथे शिकला, आणि व्यायामशाळेच्या पाटीवर गुरूचं नाव अजून पहिलं आहे. आज हे मोठ्याने सांगण्यासारखं आहे. जवळच श्री अरविंद राहत होते ते घर आहे. १८९३ ते १९०६ ते बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा घेतलात तर त्यातली भिंतीवरची चित्रं बघायलाच अर्धा तास जातो, म्हणून तो स्वतंत्र ठेवा.

दुसरा रस्ता स्टेशनकडून निघतो: विद्यापीठाचा घुमट, काळा घोडा (सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा), कमाटीबाग, संकल्पभूमी (बाबासाहेबांच्या स्मृतीची जागा). माझं मत विचाराल तर पहिली फेरी याच रस्त्याने काढा. कारण पुढे येईल.

जवळून चाललात तर वाटेत जातीच्या नावाची एखादी पोळ (जुनी गल्ली) किंवा वास (गुजरातीत वस्ती) लागेलच. ती वगळू नका. पण तिथे चाळीस माणसांचा घोळका घेऊन उभं राहून "इथे अमुक लोक राहायचे" असंही सांगू नका. ते लोक अजून तिथेच राहतात आणि खिडकीतून ऐकत असतात. आधी एकट्याने जा, विचारा, आणि सांगणारा त्याच वस्तीतला मिळाला तरच तो थांबा ठेवा.

कागद कुठे मिळतात

बडोदेकरांचं नशीब असं की संस्थानाला लिहून ठेवायची खोड होती. तीन ठिकाणं पुरेशी आहेत.

पहिलं मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, त्याचं हे मूळ ठिकाण. मराठी पुस्तकांचा मोठा साठा इथे आहे. संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल मागा. शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा सगळं त्यात खात्यावार येतं.

दुसरं कोठीतलं अभिलेखागार. इथे अर्ज करावा लागतो आणि ओळखपत्र लागतं. जुने कागद मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा कोणी बरोबर हवा. नसेल तर विसाव्या शतकातल्या छापील आज्ञापत्रिका बघा, त्या वाचता येतात.

तिसरं जनगणनेचे अहवाल. १९०१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी बडोदा संस्थानची स्वतंत्र जनगणना छापली गेली, आणि तिच्यात जातवार साक्षरतेचे तक्ते आहेत. हे तक्ते फेरीत फार उपयोगी पडतात. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू झालं. (प्रयोग अमरेलीत १८९३ पासूनच सुरू होता.) त्याआधीचा १९०१ चा तक्ता आणि नंतरचा १९३१ चा शेजारी ठेवा. कोणत्या जातीचे किती लोक वाचू लागले आणि कोण मागेच राहिलं, हे भाषणाशिवाय समजतं.

इथे एक सावधगिरी. या अहवालांत जातींसाठी वापरलेले काही शब्द आज शिवी ठरतात. तक्ता दाखवताना ते मोठ्याने वाचायचे नाहीत आणि पाटीवर, पत्रकावर तर लिहायचेच नाहीत. समाज आज स्वतःला जे म्हणवतो ते नाव घ्या.

माणसांशी बोलणं

म्हाताऱ्या माणसांना "तुमच्या काळात जातिभेद होता का?" असं विचारलं तर सगळे "आमच्याकडे नव्हता हो" म्हणतात. ते खोटं बोलत नसतात, प्रश्नच तसा असतो. वस्तूंबद्दल विचारा. आजव्याच्या तलावाचं पाणी १८९० च्या दशकात शहरात आलं, पण तुमच्या पोळीत नळ कोणाच्या दारात आला? बाकीचे पाणी कुठून भरायचे? वर्गात कोण कुठे बसायचं? लग्नाच्या पंगतीत शेवटी कोण जेवायचं, आणि त्यांची ताटं कुठे मांडली जायची? संडास साफ करायला येणाऱ्या बाईंचं नाव आठवतं का? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक घरांत शांतता पसरते. तीही टिपून ठेवा.

ज्यांनी ते सोसलं त्यांच्याकडे जाताना पद्धत वेगळी. त्यांच्याकडून सोसल्याच्याच गोष्टी काढून घ्यायला जाऊ नका. घरातला पहिला मॅट्रिक कोण, गिरणीत किंवा रेल्वेत पहिली नोकरी कोणाला लागली, वस्तीतलं बुद्धविहार कोणी बांधलं, वर्गणी कशी गोळा केली, असे प्रश्न विचारा. अभिमान सगळीकडे असतो, आपण फक्त आपलाच ऐकत आलेलो असतो. मराठीत बोलता येत नसेल तर गुजरातीत बोला. बेन, भाई, काका म्हणा, आणि पहिल्याच भेटीत फोन रेकॉर्डिंगला लावू नका. रेकॉर्ड करायचं तर विचारून, आणि नाव वापरायचं का तेही विचारून. "नको" म्हटलं तर तिथेच थांबायचं.

कमाटीबागेचा थांबा

या थांब्याची तयारी सगळ्यात नीट करा. इथे जे सांगाल त्यावर फेरी उभी राहते किंवा पडते.

माहिती अशी: बडोदा संस्थानने आंबेडकरांना १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. ते सप्टेंबर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने नोंद करून उतरले. अकराव्या दिवशी सकाळी, ग्रंथालयात परत करायची पुस्तकं घेऊन ते निघतच होते, तेवढ्यात हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडा म्हणाले. त्यांनी शहरातल्या दोन मित्रांचा विचार केला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही घरातली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या वेळी आईवडिलांची आठवण आली, असंही त्यात आहे.

झाडाखाली बसून अस्पृश्यता संपवण्याचा केलेला संकल्प, २३ सप्टेंबर ही तारीख आणि त्या दिवशी दरवर्षी होणारी गर्दी ही लोकांनी जपलेली स्मृती आहे. दोन्ही सांगा आणि कुठलं कोणत्या आधाराने येतं तेही सांगा. त्याने स्मृतीचा मान कमी होत नाही. उलट, कोणी "पुरावा काय?" असं विचारलं तर तुमच्या हातात उत्तर असतं.

या थांब्यावर दोन चुका हमखास होतात. एक, सगळा दोष काठ्या घेऊन आलेल्या पारशांवर ढकलला जातो आणि ऐकणारे मराठी आणि गुजराती सुटकेचा श्वास सोडतात. म्हणून त्या दोन मित्रांचा उल्लेख टाळायचा नाही, आणि ज्या धर्मशाळेच्या पारशी रखवालदाराने खोली दिली त्याचाही नाही. कचेरीतले शिपाई विटाळ नको म्हणून लांबूनच फाइली टाकत, हे चरित्रकारांनी नोंदवलं आहे. त्या कचेऱ्या कोणाच्या होत्या? आपल्याच पणजोबांच्या नोकऱ्या तिथे होत्या.

दुसरी चूक उलटी. महाराजांना खलनायक करून टाकायचं. याच राजाने १८८० च्या दशकात अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक तिथे जायला तयार नव्हते. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला शिकायला गेले तेव्हा त्यांना याच दरबाराची मदत होती. मुंबईत १९१८ च्या मार्चमध्ये भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्ष सयाजीरावच होते. म्हणजे हुकूम निघत होते आणि खोली मिळत नव्हती, हे एकाच वेळी चालू होतं. काळ्या घोड्यापासून बागेपर्यंतचं अंतर चालताना हेच सांगायचं. म्हणून हा रस्ता पहिला.

सांगणारा कोण हवा? शक्य असेल तर इथे संकल्पभूमीला नेहमी येणारा कोणी बोलू दे. मराठी मंडळाच्या अध्यक्षांना दुसरा एखादा थांबा द्या, त्यांना फार वाईट वाटणार नाही. वाटलं तरी चालेल.

फेरीचा दिवस

डिसेंबर-जानेवारीतला रविवार, सकाळी साडेसात. बडोद्यात मार्चनंतर बाहेर उभं राहून कोणी ऐकत नाही, आणि उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आसपास सगळे पतंग उडवायला गच्चीवर असतात, तो आठवडा सोडा. पंचवीस माणसांपेक्षा जास्त नको. ध्वनिक्षेपक लावला की पोलिसांची परवानगी आणि राजकीय सभेची कळा दोन्ही येतात. शाळेतली मुलं असतील तर एका थांब्याचा तक्ता त्यांनाच वाचायला द्या. नाष्ट्याला सेव-उसळ आहे म्हटलं की उपस्थिती वाढते, हा बडोद्याचा नियम.

२३ सप्टेंबरला किंवा १४ एप्रिलला आपली फेरी ठेवू नका. तो दिवस ज्यांचा आहे त्यांच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून जा, मागे उभे राहा.

वॉर्ड ऑफिसचं काम

दोन-तीन फेऱ्या झाल्या की "इथे एक पाटी हवी" असं कोणीतरी म्हणतंच. त्यासाठी:

खाजगी घरावर पाटी लावायची तर मालकाची लेखी संमती घ्या. भाडेकरूची पुरत नाही. रस्त्यावर किंवा बागेत लावायची तर महानगरपालिकेकडे अर्ज. मुख्य कचेरी खंडेराव मार्केटच्या इमारतीत आहे, पण सुरुवात वॉर्ड ऑफिसपासून करा. अर्ज गुजरातीत लिहा. मराठीतला अर्ज भावनेला छान वाटतो, टेबलावरून मात्र पुढे सरकत नाही. सोबत पाटीवरचा मजकूर, जागेचा फोटो आणि रहिवाशांच्या सह्या जोडा, आणि सह्यांत सगळ्या समाजांची नावं असू द्या. पोचपावतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बडोद्यात एका वॉर्डातून चार नगरसेवक निवडून येतात. चौघांनाही प्रत द्या, एकालाच दिली तर बाकी तिघांना ते त्याचं काम वाटतं. निवडणुकीच्या तोंडावर अर्ज करू नका, आचारसंहितेत फाइल अडकते आणि नंतर ती शोधावी लागते.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. गुजरातेत फी वीस रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. "पाटी का लावली नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. "आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, फाइल सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, फाइलीवरील शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात" असं विचारा. प्रतींचे पैसे वेगळे लागतात. तीस दिवसांत काही आलं नाही तर त्याच खात्याच्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. मुदत संपल्यापासून आणखी तीस दिवसांच्या आत.