बाथरूमचं कोटेशन जास्त वाटतंय? आम्ही असं तपासलं (लातूर)

जुनं बाथरूम फोडून नवं करायचंय, अन् ठेकेदारानं एका ओळीत एकच रक्कम लिहून दिलेली. बाकीच्यांकडूनबी कोटेशन घेतलं, पण कुणी टाइल्स धरलेल्या, कुणी नुसती मजुरी, तुलनाच होईना, डोकं उठलं.

मग सगळ्यांना म्हणलं, मटेरियल, मजुरी, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग अलग अलग लिहा, जीएसटी धरलाय का तेबी. नंतर टेप लावला: ५ बाय ८, फरशी ४० चौरस फूट, भिंती २६ फूट घेर गुणिले ७ फूट उंची म्हणजे १८२, त्यातनं अडीच बाय ७ चं दार साडेसतरा वजा, फरशी धरून एकूण २०४.५, तुटफूट १० टक्के धरून २२५. ठेकेदाराच्या कोटेशनात टाइल्सचं माप ३०० होतं! दर बरोबरच होता, माप फुगवलेलं. माप दाखवल्यावर गुमान कमी केलं त्यानं. मलब्याची ट्रॉली कुणाकडं तेबी लिहून घ्या, भांडणं तिथंच व्हायलेत.