जप्तीवर तिऱ्हाइताची हरकत : या चुका टाळा

"वकीलसाहेब, बेलिफ दारात उभा आहे. देणं मेव्हण्याचं आणि वस्तू आमची उचलतायत. संध्याकाळपर्यंत स्टे आणा, बाकी नंतर बघू."

असा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. त्यातल्या 'बाकी नंतर बघू'ची मला धास्ती वाटते. स्टे मिळतोही कधीकधी. मग माणूस निवांत होतो, आठ-दहा तारखा जातात, आणि पुराव्याची वेळ आली की त्याच्याकडे दाखवायला काही नसते.

हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) एकावर आणि जप्ती दुसऱ्याच्या मालावर, असे झाले तर त्या दुसऱ्याचा मार्ग म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतील ऑर्डर २१ नियम ५८ खालचा हरकत अर्ज. पूर्वी ही चौकशी वरवरची असे. माल कोणाच्या ताब्यात होता एवढे पाहून कोर्ट हुकूम करी आणि हरलेला पक्ष वेगळा दावा लावी. १९७६ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ फेब्रुवारी १९७७ पासून, ते संपले. आता मालकी, हक्क, हितसंबंध असे सगळे प्रश्न त्याच अर्जात ठरतात, वेगळा दावा चालत नाही आणि अर्जावरच्या हुकमाला हुकूमनाम्याचेच बळ असते. इतकी वर्षे झाली तरी अर्ज मात्र दीड पानाचेच येतात : 'सदर मालमत्ता अर्जदाराची आहे, सबब जप्ती उठवावी.' दावा असा लिहाल का? मग हा अर्ज तरी असा का लिहिता?

मी हरकत अर्ज दाव्यासारखाच लिहितो. वस्तू कधी घेतली, कोणाकडून, पैसे कसे दिले, हे तर येतेच. पण त्याहून जास्त जागा मी 'ती वस्तू ऋणकोच्या, म्हणजे ज्याच्यावर हुकूमनामा झाला त्याच्या, घरात कशी गेली' याला देतो. ज्याच्या ताब्यात वस्तू सापडते तोच तिचा मालक, असे आधी धरले जाते आणि ते खोडून काढायची जबाबदारी तुमची असते. माझा फ्रिज भावाच्या स्वयंपाकघरात काय करत होता याचे सरळ, पटेल असे उत्तर अर्जात नसेल, तर तो प्रश्न उलटतपासणीत येणारच.

नंबर न बघता ठोकलेला अर्ज

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वकिलीची चौथी-पाचवी वर्षे असतील. एका निवृत्त टर्नरने आपले लेथ मशीन जुन्या शिष्याला भाड्याने वापरायला दिले होते. लिखापढी काही नाही. शिष्यावर पैशाचा हुकूमनामा झाला, बेलिफ वर्कशॉपवर गेला आणि पंचनाम्यात लिहून आला : 'एक लेथ मशीन, लोखंडी, हिरवा रंग, जुने वापरते.' मशीन हलवायला क्रेन लागली असती, म्हणून जागेवरच सील करून शेजारच्या कारखानदाराला सांभाळायला दिले.

म्हाताऱ्याकडे खरेदीचे मूळ बिल होते. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, पण त्यावर मशीनचा नंबर टाइप केलेला. मला वाटले, काम झाले. बिल जोडले, अर्ज दाखल केला, लिलावाला स्थगितीही मिळाली. मशीन बघायला मात्र मी गेलो नाही.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारले, "बिलावरचा हा नंबर जप्त मशीनवर कुठे आहे?" म्हातारा म्हणाला, पट्टीवर. त्यांनी शांतपणे फोटो काढून पुढे केला. पट्टीच्या जागी चार रिव्हेटची भोके होती, पट्टी नव्हती. तशी हिरवी लेथ त्या औद्योगिक वसाहतीत पन्नास निघाली असती.

मग कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टातर्फे जागेवर पाहणी करणारा माणूस, नेमण्याचा अर्ज, त्यावर दरखास्तदाराचे (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणाऱ्याचे) म्हणणे, मग हुकूम. तोवर मधला पावसाळा उलटून गेला. पाहणीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये वीज नव्हती. म्हाताऱ्याने रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि टेलस्टॉकच्या बाजूला, बेडच्या (मशीनच्या लोखंडी पायाच्या) टोकावर घासायला लागला. रंगाचे दोन थर आणि घट्ट झालेले ग्रीस निघाल्यावर खाली एकेक आकडा पंचने ठोकलेला दिसला. कमिशनरांनी टॉर्च धरून तो मोठ्याने वाचला, बिलाशी ताडून पाहिला आणि लिहून घेतला. जुळला. मशीन सुटले. पण चौदा महिने तेलपाणी न झालेल्या त्या बेडवर गंज धरला होता. नंबर जुळल्याचे कळल्यावरही म्हातारा बेडवरून तळवा फिरवत राहिला, माझ्याशी फारसे बोलला नाही. खरे तर आधी मीच त्याच्याशी बोलायला हवे होते, कारण पट्टीखेरीज बेडवरही नंबर असतो हे त्याला पहिल्यापासून माहीत होते. मी विचारलेच नव्हते.

तेव्हापासून वस्तूच्या ओळखखुणेचा फोटो हातात आल्याशिवाय मी अर्ज टाइपिंगला देत नाही. गाडीचा चेसिस नंबर, मोटारपंपावरची पट्टी, फ्रिजच्या मागचे लेबल, दागिन्याचे वजन आणि हॉलमार्क, जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक. शेतजमीन असेल तर गट नंबर आणि चतुःसीमा. शेजारी पंचनाम्यातले वर्णन ठेवायचे आणि दोन्ही एकाच वस्तूचे आहेत का ते पाहायचे. तरुण वकिलांना यात वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. वाटू दे.

जप्तीनंतर जन्मलेली बिले

या प्रकाराचा मला मनापासून वीट आला आहे. खरा मालकसुद्धा घाबरून हे करतो, म्हणून जास्तच.

एका दरखास्तीत मी हुकूमनामाधारकातर्फे होतो. घरातले सामान जप्त झाले आणि चार दिवसांत ऋणकोचा साला हरकत घेऊन हजर. यादीतल्या प्रत्येक वस्तूचे बिल त्याच्याकडे होते. एसीच्या बिलावर तारीख ऑगस्ट २०१६ ची. कागद कोरा करकरीत, एकही घडी नाही. आणि खाली सीजीएसटी, एसजीएसटी असे दोन रकाने, वर दुकानाचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक. जीएसटी देशात लागू झाला १ जुलै २०१७ ला.

हरकतीवरच्या लेखी म्हणण्यात मी याचा उल्लेख केला नाही. उलटतपासणीत आधी विचारले, बिल कधी मिळाले? "घेतलं त्याच दिवशी, दुकानातच." नंतर दुसरी प्रत काढली का? "नाही." मग म्हटले, जरा तळाचे रकाने वाचून दाखवा. त्याने 'सीजीएसटी' हा शब्द अर्धा उच्चारला आणि थांबला. न्यायाधीशांनी बिल मागून घेतले.

गंमत अशी की त्या यादीतले शिलाई मशीन खरोखरच त्याच्या आईचे होते. ऋणकोनेच नंतर मला कोर्टाबाहेर सांगितले. त्यासाठी एकही कागद बनवायची गरज नव्हती, दोन शेजारणी साक्षीला आल्या असत्या तरी पुरले असते. पण एका खोट्या बिलाने सगळीच यादी बुडाली आणि शिलाई मशीनही लिलावात गेले.

स्टॅम्पपेपरचेही तेच. करार मार्चचा आणि पाठीमागे मुद्रांक विक्रेत्याच्या शिक्क्यावर तारीख जूनची, असे कागद मी आजवर किती पाहिले याची मोजदाद ठेवलेली नाही. दरखास्तीत काम करणारा कोणताही वकील कागद हातात आला की आधी मागची बाजू बघतो. तुमच्याकडे बिल नसेल तर नसू द्या. बँकेच्या पासबुकातली नोंद, विम्याचा कागद, दुरुस्तीची पावती, घरच्या लग्नाच्या फोटोत मागे दिसणारे कपाट, एवढ्यावर मी हरकती जिंकल्या आहेत.

उशीर

नियम ५८ च्या परंतुकात (अपवादाच्या कलमात) दोन दारे बंद केली आहेत. अर्जाआधीच माल विकला गेला असेल, किंवा मुद्दाम वा विनाकारण उशीर केला असे कोर्टाला वाटले, तर अर्ज ऐकूनच घेतला जात नाही. विक्री कायम झाली नाही तोवर ती झालीच नाही, असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर बसून राहू नये. संहितेप्रमाणे जाहीरनामा लागल्यावर जंगम मालाला किमान सात आणि स्थावराला किमान पंधरा दिवसच मिळतात, आणि नाशवंत माल तर ताबडतोब विकता येतो. 'मेव्हणा म्हणतोय तो पैसे भरून मिटवेल' हे मी ऐकत आलो आहे. मेव्हणा मिटवत नाही. परंतुकाखाली अर्ज फेटाळला गेला तर वेगळा दावा लावता येतो, पण तो वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर वस्तू दुसऱ्याच्या घरात असते.

नुसता हरकत अर्ज दिल्याने लिलाव आपोआप थांबतो असेही नाही. नियम ५९ खाली स्थगिती वेगळी मागा. स्थावर असेल तर कोर्ट 'लिलाव होऊ द्या, पण विक्री कायम करू नका' असाही हुकूम करू शकते, तारण मागू शकते. तेवढ्यावर हिरमुसून वरच्या कोर्टात धावणारे अशील असतात. त्यांना मी आधी चहा पाजतो.

बाकीच्या, पण रोजच्या

बेलिफाशी हुज्जत घालू नका. तो वॉरंट बजावायला आलेला असतो, मालकी ठरवायला नाही. 'ही वस्तू माझी आहे, माझी हरकत आहे' हे पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा आणि मगच सही करा. लिहून घेत नसेल तर दुसऱ्याच दिवशी कोर्टात अर्ज द्या. दार अडवून धरलेत तर आणखी एक केस पदरी पडेल.

ऋणकोने स्वतः नियम ५८ खाली अर्ज करणे ही वेगळीच तऱ्हा. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बी-बियाणे संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून सुटतात. ती तक्रार ऋणकोची स्वतःची आहे आणि तिच्यासाठी संहितेचे कलम ४७ आहे. तिऱ्हाइताचा मुखवटा कशाला?

इसारपावती घेऊन 'मी मालक' म्हणून उभे राहू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क तयार होत नाही. कुलमुखत्यारपत्रावरच्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. पण करार खरा आणि जप्तीच्या आधीचा असेल तर हातपाय गाळायचेही कारण नाही. जप्तीनंतरचा खासगी व्यवहार जप्तीपुढे टिकत नाही असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६४ म्हणते, तरी जप्तीआधी नोंदवलेल्या करारानुसार झालेला व्यवहार त्यातून वगळलेला आहे. तेव्हा मागणी बेताने लिहा : मी मालक नव्हे, माझा करार आधीचा आहे. सातबारावरच्या फेरफाराचा आधारही तसाच बेताने घ्या. ती महसुलाची नोंद आहे, मालकीचा दस्त नाही.

गाडीवर कर्ज देणारी कंपनी 'गाडी आमची' म्हणून येते. आरसीवर तिचा बोजा (कर्जाची नोंद) असतो, मालकी नसते. तिला बोजा कायम ठेवून जप्ती चालू ठेवण्याचा हुकूम मिळू शकतो, आणि बहुतेक वेळा तेवढेच तिला हवे असते.

एका भागीदाराच्या खासगी देण्यात फर्मचा माल जप्त झाला असेल तर ऑर्डर २१ नियम ४९ वाचा. भागीदारांना हा नियम माहीतच नसतो. ते आपसात भांडत बसतात.

दावा लागल्यावर बायकोच्या नावे केलेले बक्षीसपत्र घेऊन येऊ नका. निदान माझ्याकडे तरी.

हरकत फेटाळली की अपील करा. हुकूम हुकूमनाम्यासारखाच असल्याने जिल्हा न्यायालयात तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. रिव्हिजन की रिट या चर्चेत मुदत घालवणारे पाहिलेत. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या.

आणि मुळात कागद कोणाचा आहे ते बघा. वरचे सगळे दिवाणी कोर्टाच्या जप्तीला लागू. सहकारी संस्थेच्या वसुली अधिकाऱ्याने जप्ती केली असेल तर हरकत सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ खाली त्याच्याकडेच जाते. बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाच्या तारणावर बँकेला स्वतः कारवाई करू देणारा कायदा) ताबा घेतला असेल तर कलम १७ खाली ऋण वसुली न्यायाधिकरणात, आणि तीही पंचेचाळीस दिवसांत. मागे एक गृहस्थ दिवाणी कोर्टात अर्ज करून, तारखा घेत, अडतिसाव्या दिवशी माझ्याकडे आले. नोटिशीच्या पहिल्या ओळीतच कायद्याचे नाव होते. सात दिवस उरले होते, त्यात एक रविवार.